सांजेपर्यंतची गाठ

आमच्या यांना काळजी करायला कारण लागत नसे. बैल शिंकला तरी पुरे होतं. जालन्याची मोटार उशिरा आली तर ती वाटेत कलंडली असणार, आणि वेळेवर आली तर ड्रायव्हर फार जोरात हाकतो, आज ना उद्या कलंडवणारच. भाकरी फुगली नाही तर पिठात खोट, फुगली तर चुलीला जाळ जास्त झाला, आता छपराला ठिणगी लागायची. मी लग्न होऊन हसनाबादेत आले तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, माणूस मोठा हुशार आहे, चारी दिशांचं बघतो. मग कळलं, चारी दिशांचं बघता बघता यांच्या समोरचं ताट गार होतं, आणि ते पुन्हा गरम करायला मी असते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती आणि अजूनही ते माझ्या तोंडून निघत नाही. सासूबाई, तुळजाबाई, त्यांना मच्छिंद्रा अशी हाक मारायच्या, एवढं सांगते म्हणजे झालं. गावातले लोक म्हणायचे, रझाकारांच्या वेळी जीव मुठीत धरून राहावं लागलं, तेव्हापासून हा असा झाला. सासूबाईंना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं, हा पाळण्यातसुद्धा दोरी तुटेल म्हणून जागा राहायचा.

पण याच माणसानं, रझाकार गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, नदीकडच्या वावरात मोसंबीची बाग लावली. तोवर आमच्या शिवारात कुणी मोसंबी लावली नव्हती. लोक बांधावर उभे राहून हसून गेले. यांनी प्रत्येक रोपाला उन्हाळ्यात पळसाच्या पानांची सावली केली, थंडीत कडब्याचा आडोसा केला. घरात कोणतं उपरणं घ्यावं याचा निर्णय होत नसे, आणि बागेत शिरले की हात कसे सरळ चालायचे. फांदी छाटायची तर छाटायची, आळं बांधायचं तर बांधायचं. मी तूर खुरपता खुरपता हात थांबवून बघत बसायची. तेवढ्या वेळापुरता माझा नवरा मला दुसराच कुणी वाटायचा, आणि तो मला फार आवडायचा.

आता मोसंबीचं एक सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. मोसंबीला बारा महिने पाणी पाजलं तर ती नुसती पानांनी माजते. फुलं हवी असतील तर दिवाळी झाली की तिचं पाणी तोडायचं. एक थेंब द्यायचा नाही. पानं आधी मलूल होतात, मग वळतात, मग पिवळी होऊन गळायला लागतात. झाड मेलं असं वाटायला लागतं. संक्रांत झाली की मग पाणी सोडायचं, आणि तेव्हा त्या उघड्या फांद्यांतून फूल फुटतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. हे सगळं यांनीच चार गावं फिरून, विचारून आणलेलं. मला समजावून सांगताना तर असे सांगत की जणू यांनी जन्मभर तेच केलं.

पहिल्यांदा बाग ताणावर सोडली त्या हिवाळ्यात आष्टीला सासूबाईंच्या भावाच्या घरी लग्न निघालं. आम्ही सगळे गेलो. हे राहिले, ढोरांकडं कोण बघणार म्हणून. परत आलो तर कातड्याची मोट, जी तेल लावून छपरीत कोरडी टांगून ठेवली होती, ती ओली. मी विचारायच्या आत यांनीच सांगितलं. पानं वळलेली बघवेनात. एक डोकं म्हणे थांब, दुसरं म्हणे मेली तर? शेवटी बैल जुंपले आणि सगळ्या बागेला पाणी पाजलं. सांगताना रडायच्या बेतात आले होते, म्हणून मी रागवायचं सोडून मोट वाळत घातली.

त्या वर्षी पानं अशी आली की बघत राहावं. आणि फुलं म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातल्या दातांसारखी, इथं एक, तिथं एक. यांचे थोरले भाऊ रामराव, म्हणजे माझे भासरे, बोलायला तोलूनमापून. बागेतून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, पुढच्या साली फुलली तर ठीक, न्हाई तर होळी झाली की कुऱ्हाड, आणि तिथं कपाशी लावू. त्यांचंही चुकीचं नव्हतं. चांगलं वावर अडकून पडलं होतं.

भासऱ्यांच्या त्या बोलण्यानंतर यांचं जेवण तुटलं. विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसायला लागले. विचारलं तर म्हणायचे, पाणी किती हाय ते बघून राह्यलो. मी घरात पाणी असलं तरी घागरी भरायला जायची. कधी दोर विसरला म्हणून, कधी विळा विसरला म्हणून. मी चिडायची, टोमणे मारायची, पण विहिरीवरून नजर काढायची नाही. झाडं तोडली तर त्यांच्याबरोबर अजून काय तुटेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही बाग दुसऱ्यांदा ताणावर सोडली. दिवाळीचे दिवे विझले आणि यांचं सुरू झालं. सकाळी उठल्या उठल्या, पाणी द्यावं का? भाकर मोडताना, थोडं द्यावं का? जनावरं सोडताना, कडेच्या झाडांना तरी? मी एकदा म्हटलं, मलाच एकदा पाणी पाजा, तुमच्या प्रश्नांनी घसा कोरडा पडलाय. हसले नाहीत.

अशात एकदा मी गूळ आणायला शांतिलाल शेठच्या किराणा दुकानात गेले. शेठ कुठंतरी गेले होते. त्यांच्या बायकोनं, संतोषबाईंनी, गूळ तोलून दिला. त्यांचे आजे-पणजे मारवाडातून आलेले, पण संतोषबाई आमच्यासारखंच बोलायच्या, मध्ये मध्ये त्यांचं हिंदी. माझ्या पदराच्या ओट्यात शेंगा होत्या, भाजून आणलेल्या, गरम. मी त्यांच्यापुढे केल्या. त्यांनी ओढणीचं टोक उचलून दाखवलं. त्याला गाठ मारलेली.

त्यांच्या जैन लोकांत असा एक नेम असतो, हे मला तेव्हा कळलं. पदराला गाठ बांधायची. गाठ आहे तोवर अन्न नाही, पाणी नाही. खायचं असेल तेव्हा शांत एका जागी बसून गाठ सोडायची, खायचं, आणि उठताना पुन्हा बांधायची. मला हसू आलं. मी म्हटलं, गाठ तर तुमच्याच हातात आहे, मग कधीही सोडा की. आणि भूक लागत नाही का?

"लगती ना, बाई. खूप लागती," संतोषबाई म्हणाल्या. "पण आता खाऊ का मंग खाऊ, इतकं खाऊ का तितकं, हे दिवसभर चालतं ना, ते बिलकुल बंद होतं. ते गाठीत राह्यतं. मी मोकळी."

मी गूळ घेऊन निघाले तर खरी, पण रस्त्यात पाय थांबला. इतकी साधी गोष्ट. एवढंसं कापडाचं टोक, आणि ही बाई दुकान सांभाळते, घर सांभाळते, भरल्या पोत्यांमध्ये बसते, आणि भुकेशी भांडत बसत नाही. मी वळून बघितलं. त्या कुणाला तरी मीठ तोलून देत होत्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण भर दुकानात कसं दिसेल म्हणून तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्या उपरण्याच्या टोकाला गाठ मारली. म्हटलं, पाणी द्यावं का न द्यावं, झाड मरेल का जगेल, भाऊ काय करतील, सगळं यात घातलंय. आता सांजेपर्यंत याला हात लावायचा नाही. जनावरं घरी आली की आपण दोघं बागेच्या बांधावर बसू, गाठ सोडू, आणि दिवे लागेपर्यंत तुम्ही पोट भरून काळजी करा. मी ऐकते. मधे बोलणार नाही.

यांनी विचारलं, "आणि मधेच काही सुचलं तं?"

"तं त्याला म्हणायचं, सांजेला ये."

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, सांजेला सगळे एकदम आले तर बांधावर जागा पुरायची नाही.

पहिले दिवस फजितीचे होते. गाठ बांधली, पण हात सारखा तिच्यावर. बोटांनी चाळून चाळून उपरण्याचं टोक तेलकट काळं झालं. एकदा तर दुपारी वावरातून घरी आले, गाठ बराबर बसलीय का ते बघ, ढिली वाटून राह्यली, म्हणून. काळजी आत कोंडली तर आता कडीचीच काळजी! मी ती गाठ दातांनी आवळली आणि परत पाठवलं.

पण सांज मात्र मी कधी चुकवली नाही. चूल सासूबाईंवर टाकून जायची. हे गाठ सोडायचे आणि बोलत सुटायचे. पिवळ्या पानांपासून सुरुवात होऊन विहिरीचा तळ, भावाचा राग, बैलाचा खूर, सासूबाईंचे डोळे, जालन्याची मोटार, सगळी जत्रा व्हायची. मी शब्द दिला होता म्हणून जीभ दाताखाली धरून बसायची. दिवे लागले की रात्रीपुरती गाठ पुन्हा बांधायची आणि उठायचं, सकाळी मी ती नव्यानं बांधायची.

मग हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. काय ते मला धड सांगता यायचं नाही. सकाळी घातलेल्या काळज्यांतल्या काही सांजेला सापडेनाशा झाल्या. हे गाठ सोडून बसायचे आणि म्हणायचे, अजून एक होतं, काय होतं बरं? आठवायचं नाही. एका सांजेला बैलाच्या खुराचं अर्ध्यावर सोडून नुसते झाडांकडे बघत राहिले. मीही बघितलं. इतके दिवस मी बागेत होते पण मी यांच्याकडे बघत होते, झाडांकडे नाही. सगळी बाग पिवळी, अर्धी उघडी. जमिनीला भेगा. एवढी तहान लागलेली, पाण्यानं भरलेली विहीर हाकेच्या अंतरावर, आणि सगळी झाडं जागच्या जागी उभी. एकही झाड विचारत नव्हतं, आज का उद्या. आपण ज्यांना मुकं म्हणतो, त्यांच्यात केवढं बळ असतं.

संक्रांत जवळ आली आणि सगळ्यांत वाईट दिवस आले. विहिरीजवळचं झाड, सगळ्यांत आधी लावलेलं, यांच्या लाडाचं, त्याच्या शेंड्याकडच्या काड्या काळ्या पडायला लागल्या. इतर झाडांच्या काड्या वाकवल्या तर वाकत. त्याच्या मोडत.

भासरे त्या दिवशी जालन्याला गेले होते. मी तुरीच्या शेंगा तोडत होते, बागेपासून लांब, पण विहीर दिसेल इतकी. भर दुपार. बैल कडबा खात उभे होते. आणि मला हे छपरीतून बाहेर येताना दिसले. खांद्यावर मोट.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. मागच्या साली मी आष्टीला होते, यंदा डोळ्यांसमोर होते. धावत जाऊन मोट ओढून घ्यावी, भासऱ्यांची शपथ घालावी, दोन शिव्या घालाव्यात, सगळं जिभेवर आलं. हात पदराच्या टोकाकडे गेला आणि मी तिथंच खाली बसले. तुरीच्या आड. बघत राहिले.

यांनी मोट विहिरीच्या चाकापाशी ठेवली. दोर हातात घेतला. त्या लाडक्या झाडाकडे बघितलं. बैलांकडे गेले, एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मला तो दिवसाएवढा लांब वाटला. मग दुसरा हात उपरण्याच्या टोकाकडे गेला. गाठ चाचपली. सोडली नाही. आणि माझ्या नवऱ्यानं मोट पुन्हा खांद्यावर घेतली, छपरीत नेली, टांगली, आणि परत येऊन त्या वाळत्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसले.

मी तुरीत बसून रडले. दुःखाचं नव्हतं ते. डोंगर हलताना बघितला तर माणूस दुसरं काय करील?

सांजेला बांधावर गाठ सोडून हे म्हणाले, "आज मी मोट काढल्ती."

"पाह्यलं मी."

"मंग बोलली काहून न्हाई? तुझ्या तोंडाला कुलूप लागणं म्हंजे नवलच."

मी पदराचं टोक पुढं केलं. त्याला गाठ होती. यांची गाठ बांधायला लागले तेव्हापासून रोज सकाळी माझीही बांधत होते. यांना सांगितलं नव्हतं.

"माझीबी सांजेलाच सुटती," मी म्हटलं.

त्यात काय आहे ते यांनी विचारलं नाही. माझा हात घेऊन त्या गाठीवर आपला हात ठेवला. उघड्यावर, बांधावर, बायकोचा हात धरायचा म्हणजे आमच्या गावात केवढी गोष्ट. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं.

संक्रांत झाली आणि पाणी सोडायचा दिवस आला. बैल यांनीच जुंपले. पहिली मोट वर आली, रिकामी झाली, पाटातून पाणी पुढं सरकलं. तहानलेल्या मातीत पाणी शिरताना आवाज येतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा कान देऊन ऐकला. भेगांतून बुडबुडे येत होते, बारीक चर्र असं काहीतरी होत होतं. आळी भरली तसे हे एकेका झाडापाशी थांबले.

त्यानंतर नुसतं थांबायचं होतं, आणि काहीच होईना. भासरे एकदा येऊन फांद्या बघून गेले. घरी जाऊन त्यांनी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला. मी ते बघितलं, यांनीही बघितलं. यांनी फक्त उपरण्याचं टोक घट्ट केलं आणि जनावरांना वैरण टाकायला गेले. मी मात्र त्या दिवशी पिठात मीठ दोनदा घातलं.

मग एका सकाळी सासूबाई अंगणातून विचारत्या झाल्या, इतक्या सकाळी अत्तरवाला आलाय का? त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण नाक शाबूत होतं. मी म्हटलं, हसनाबादेत अत्तर कोण घेणार सकाळच्या पारी? आणि तेवढ्यात नदीकडून वारा आला.

आम्ही चप्पल न घालता गेलो. हे पुढं, मागं मी सासूबाईंचा हात धरून. बागेच्या आधीच मला मोटारीसारखा आवाज ऐकू आला. वाटलं, जालन्याची गाडी रस्ता सोडून वावरात शिरली की काय. त्या मधमाश्या होत्या. कुठून आल्या, त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. आणि मग बाग दिसली.

मी आयुष्यात पुष्कळ बघितलं. त्या सकाळसारखं काही बघितलं नाही. आदल्या सांजेला मिटलेल्या कळ्या होत्या, डोळ्यांत भरण्याजोगं काही नव्हतं. आता पान दिसत नव्हतं. ज्या काड्या मेल्या असं मी मनात धरून चालले होते, त्याच काड्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पांढऱ्या. खाली आळ्यांत इथंतिथं पाकळ्या पडलेल्या. वास इतका की तोंड उघडलं तर जिभेवर लागावा. सासूबाईंनी हात पुढं करून एक फांदी चाचपली, हाताला नुसती फुलंच लागली, आणि त्यांनी ते हात तसेच जोडले. ज्या झाडांना आपण तहानेनं मारतोय असं वाटत होतं, ती आतल्या आत हे जमवत बसली होती.

भासरेही आले होते. बांधाशी त्यांनी देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा वहाणा काढल्या. बागेत शिरले, मधोमध जाऊन उभे राहिले, फेटा काढून हातात घेतला. थोड्या वेळानं यांच्याकडे वळून म्हणाले, "मच्छिंद्रा, मधमाश्या लई आल्या. पोरासोरांना जरा जपून आण." कुऱ्हाडीचा विषय त्यानंतर आमच्या घरात कधी निघाला नाही.

विहिरीजवळचं ते एक झाड मात्र खरंच गेलं. त्याच्यावर एक कळी नव्हती. सगळ्या पांढऱ्यात ते एकटं काळं उभं. यांची भीती त्या एका झाडापुरती बराबर होती, हे मला सांगितलंच पाहिजे. मला धास्ती वाटली, आता हे त्याच्यापाशी जातील आणि पुन्हा सगळं सुरू होईल. हे गेले. बुंध्यावरून हात फिरवला, पुष्कळ वेळ. मग त्याला टेकून बसले आणि बाकीच्या बागेकडे बघायला लागले. चेहरा असा की जत्रेत पहिल्यांदा आलेलं पोर.

त्या दिवशी जेवायला घरी आलेच नाहीत. सांजेला मी भाकर, तुरीच्या शेंगांची भाजी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बागेत गेले. मधमाश्या निजायला गेल्या होत्या, वास तेवढा मागं राहिला होता. मी पुढ्यात भाकर ठेवली. कितीक महिन्यांनी यांनी भाकरीला असा हात घातला की मला वाटलं, अजून दोन आणायला हव्या होत्या. उपरण्याची गाठ तशीच होती.

मी म्हटलं, "सांज झाली. गाठ सोडायची न्हाई का?"

यांनी टोक उचलून बघितलं. तोंडात घास होता, तो गिळला.

"काय बांधल्तं सकाळी, ते आठवून न्हाई राह्यलं," हे म्हणाले, आणि भाजीत भाकर बुडवली.

मी बाजूला तोंड करून माझ्या पदराची गाठ सोडली. रोज सकाळी मी तिच्यात एकच गोष्ट बांधत आले होते, आणि ती मला बराबर आठवत होती. ती समोर बसून भाकर खात होती.